माहेर सापडत नाही

तिसगावात तिला पुष्पावती म्हणत. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं ते नाव लिहिलं, सासू गोजरबाईंच्या आवडीचं, आणि त्या दिवसापासून सासरी तीच हाक. माहेरी, देवळाली प्रवऱ्याला, ती जयमाला. नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही जयमालाच, कारण सर्टिफिकेटं सगळी लग्नाआधीची. रोज सकाळी तिसगावच्या स्टँडवर पुष्पावती गाडीत बसायची आणि नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर जयमाला उतरायची. मधल्या करंजीच्या घाटात कुठंतरी अदलाबदल होत असेल. घाटात ती बहुतेक झोपलेली असे, त्यामुळे नक्की कुठं ते तिलाही माहीत नव्हतं.

झोप तिची कुठंच पुरी होत नव्हती. उठून भाकरी, धुणं, गाडी, क्लास, परत गाडी. नवरा प्रवीण टेम्पोवर, निम्मा आठवडा बाहेरगावी. घरी सासरे रखमाजी आणि गोजरबाई. गाडीला उशीर झाला की संध्याकाळचा स्वयंपाक गोजरबाईंवर पडे, आणि त्यांचे गुडघे गेलेले. घरात गॅस होता, पण जमिनीवर. त्याच्यापुढं बसायचं आणि तिथून उठायचं, यातच त्या बाईचा निम्मा जीव जाई.

‘‘टायपिंग शिकवायला नगर कशाला लागतं गं?’’ त्या म्हणायच्या. ‘‘बोटंच आपटायची ना? मंग हितं पडवीत आपट की.’’

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी रखमाजींनीच तोड काढली. ‘‘तिथं धड, कायमचं काम मिळत असंल तर जाऊ द्या तिला. न्हाईतर दसऱ्यापास्नं बंद.’’

ते धड काम नेमकं त्याच दिवसांत तिच्यासमोर आलं होतं. साल नव्व्याण्णव. क्लासचे मालक रंगनाथ सर यांनी टाइपरायटरच्या खोलीशेजारी एक कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला होता, आणि नगरातल्या एका मुलींच्या शाळेनं अमृतमहोत्सवासाठी वेबसाइट सांगितली होती. जुन्या विद्यार्थिनींनी तिच्यावर आपलं नाव नोंदवायचं. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका एलिझाबेथबाई त्या कामात पुढं होत्या. पांढरी सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, आणि आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

‘‘रंगनाथ, आमच्या मुली लग्न झालं की हरवतात रे,’’ त्या म्हणाल्या होत्या. ‘‘आडनाव जातं, नाव पण जातं. हजेरीतली कुसुम आता कुठं शोधू मी? दोन चौकटी ठेव. एक माहेरच्या नावाची, एक सासरच्या.’’

ते पान जयमालानं केलं. मराठी मथळे चित्रं करून बसवले, कारण आपला फाँट दुसऱ्याकडं असेलच असं नाही. चौकट रिकामी राहिली तर पानानं ‘नाव भरा’ असं सांगावं, म्हणून जावास्क्रिप्ट ही पानाच्या आत लिहायची भाषा ती पुस्तकातून शिकली. पहिल्या चौकटीला तिनं पानाच्या आत वापरायचं नाव दिलं, इंग्रजी अक्षरांत, माहेर; दुसरीला सासर. क्लासमध्ये पान सुरेख चाललं. शाळेत नेलं, आणि बटन दाबलं तर काही नाही. चूक नाही, सूचना नाही. जत्रेतल्या शिट्टी गेलेल्या बाहुलीसारखं बटन नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं.

क्लासमध्ये पानं उघडायला इंटरनेट एक्सप्लोरर होतं आणि शाळेत नेटस्केप. काम दोघांचं एकच, पण एकाला कळलेलं दुसऱ्याला कळत नव्हतं.

‘‘बाई, तुमच्या मशीनवर आमचं टाकून देऊ का?’’ रंगनाथ सरांनी विचारून पाहिलं.

‘‘माझ्या एकटीच्या मशीनवर टाकशील. आमची एखादी मुलगी मस्कतला बसून उघडेल, तिच्या घरी जाऊन टाकणार आहेस का?’’

बाहेर आल्यावर रुमालानं मान पुसत ते जयमालाला म्हणाले, ‘‘मॅडम, शनिवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत चाललं तर वेबसाइटची सगळी कामं इथून पुढं तुमच्याकडे, पगारावर. नाही चाललं तर पुण्याला देतो. तुम्ही मग आपली टायपिंगची बॅच बघा.’’

शनिवारनंतर दसरा काही लांब नव्हता. जयमालानं मान हलवली.

माळीवाड्याच्या गणपतीला ती रोज रस्त्यावरूनच हात जोडायची. चप्पल काढून आत जायला वेळ नसे. ‘‘बाप्पा, उभ्याउभ्याच घ्या,’’ एवढंच म्हणून ती पुढं निघे. मागायचं असं काही नसे, किंवा थकल्यामुळे सुचत नसे. त्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा मागितलं, आणि तेही फार नाही. म्हणाली, ‘‘काय चुकतंय तेवढं दाखवा. दुरुस्त मी करते.’’

सरांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून नेटस्केप क्लासच्या मशीनवरही टाकून दिलं. आता एकच पान ती दोन्हींत उघडून बघू लागली. पत्त्याच्या पट्टीत एक शब्द टाकला की नेटस्केप आपली तक्रार वेगळ्या खिडकीत दाखवतं, हेही तिला त्याच मासिकातून कळलं. तिनं तो शब्द टाकला. खिडकी उघडली. इंग्रजीत एकच ओळ होती: माहेर इज नॉट डिफाइन्ड.

म्हणजे माहेर काय असतं, हेच ह्याला माहीत नाही.

‘‘तुझं बरं आहे,’’ ती पुटपुटली.

मग तिनं स्पेलिंग तपासलं. अक्षरं सगळी जागेवर. मोठ्या लिपीतलं अक्षर कुठं शिरलंय का पाहिलं. चौकट पुसून नव्यानं लिहिली. बटन बदललं. एकदा रागारागानं सगळं पानच नव्यानं टाइप केलं. एक्सप्लोरर प्रत्येक वेळी गुमान चालायचं, आणि नेटस्केप प्रत्येक वेळी म्हणायचं, माहेर माहीत नाही. मधूनमधून शेजारच्या खोलीतून हाक यायची, ‘‘मॅडम, माझी रिबन गुंडाळली,’’ ‘‘मॅडम, हिनं माझा कागद ओढला.’’ ती उठायची, रिबन सोडवून शाईचे काळे हात घेऊन परत यायची, आणि कुठपर्यंत आलो होतो तेच आठवायचं नाही.

शुक्रवारी ती हात टेकूनच निघाली. गाडीत उभं राहावं लागलं, त्यामुळे घाटात झोपही नाही. तिसगावला उतरली तर बाजार उठत होता. स्टँडच्या बाकड्यावर गाठोडं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसलेली. नवरात्राची मोहट्याला निघालेली कुणी असेल म्हणून ती पुढं जाणार, तोच म्हातारी ओरडली.

‘‘अगं जये! आलीस व्हय येकदाची!’’

माहेरच्या शेजारच्या छबूबाई होत्या त्या. मोहट्याच्या देवीला निघाल्या होत्या, जाताना लेकीला काकवीची बाटली दे म्हणून जयमालाच्या आईनं सांगितलेलं.

‘‘मावशी, इथं का बसलात? घरी जायचं ना सरळ.’’

‘‘कुनाच्या घरी? आख्खा बाजार पालथा घातला. जयमाला कुठं ऱ्हाती, जयमाला कुठं ऱ्हाती. कोन सांगंना. येक कांदेवाला तर म्हनला, आजी, ह्या गावात जयमाला न्हाईच. म्या म्हनलं, न्हाई कशी मुडद्या, आमीच दिली की हितं!’’

जयमालाला हसूही येईना. तिनं गाठोडं घेतलं आणि मावशींना घरी आणलं. गोजरबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला, आणि सगळं ऐकल्यावर तोंडाला पदर लावून हसल्या.

‘‘आवं, नुसतं जयमाला म्हनल्यावर कोन वळखंल? आदी रखमाजीचं घर इचारायचं. मंग त्येंची सून. येका दमात आनून सोडलं असतं.’’

‘‘आमच्याकडं न्हाई बाई असलं,’’ छबूबाई म्हणाल्या. ‘‘देवळालीत चौकात उभं ऱ्हाऊन जयमाला म्हना, कुत्रं बी दारापत्तुर आनून सोडंल. घर कशाला इचारायचं?’’

‘‘ते तुमचं गाव. हितं घरापास्नं सुरवात.’’

दोघींचं बराच वेळ चाललं. जयमाला भाकरी थापत होती. तिच्या कानावर सगळं पडत होतं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. पाठ दुखत होती. उद्या सरांना काय सांगायचं, त्याची वाक्यं ती मनात जुळवत होती. जमलं नाही सर. पुण्याला द्या.

शनिवारी सकाळी तिनं मावशींना मोहट्यासाठी पाथर्डीच्या गाडीत बसवलं आणि आपली गाडी धरली. गणपतीपुढं उभी राहिली, पण काही बोलली नाही. एकच गोष्ट रोज काय मागायची!

क्लासमध्ये येऊन तिनं सवयीनं पान उघडलं. बटन दाबलं. खिडकीत तीच ओळ. ती ओळ आज तिला कांदेवाल्याच्या आवाजात ऐकू आली: आजी, ह्या गावात जयमाला न्हाईच.

ती ओळीकडं बघत बसली. मग हळूच पुस्तक ओढून घेतलं.

पुस्तकात प्रत्येक उदाहरणात लांबलचक लिहिलेलं होतं. आधी डॉक्युमेंट, म्हणजे हे सगळं पान. मग टिंब देऊन फॉर्मचं, म्हणजे चौकटी ज्याच्यात असतात त्याचं, नाव. मग टिंब देऊन चौकटीचं. तिनं ते पहिल्याच दिवशी छाटून टाकलं होतं. चौकटीचं नाव नुसतं लिहिलं तरी एक्सप्लोररला कळतंय, मग एवढं पाल्हाळ कशाला, म्हणून. कामाचा कंटाळा नव्हता तो. गाडी गाठायची होती.

एक्सप्लोरर देवळालीचं होतं. चौकात उभं राहून नाव घेतलं की झालं. नेटस्केप तिसगावचं. आधी घर सांगा, मग माणूस.

तिनं माहेरच्या आधी घराचा पत्ता लिहिला. सासरच्या आधीही लिहिला. बटन दाबलं. नेटस्केप म्हणालं, नाव भरा. तिनं तेच पान एक्सप्लोररमध्ये उघडलं. तेही म्हणालं, नाव भरा. आधी घर सांगितलं म्हणून देवळालीवाल्याचं काही अडलं नाही. उगाच छाटलं होतं.

ओरडून कुणाला सांगावं असं वाटलं, पण खोलीत कुणी नव्हतं, आणि अंगात तेवढा जोरही नव्हता. ती डोळे मिटून जरा वेळ नुसती बसली.

दुपारी शाळेत समिती जमली. एलिझाबेथबाईंनी चष्मा लावला आणि कुणाला हात लावू न देता स्वतः माऊस धरला. चौकटी रिकाम्या ठेवून बटन दाबलं. ‘नाव भरा’ आलं. त्यांनी मान डोलावली. पहिल्या चौकटीत सावकाश, एकेक अक्षर शोधत, आपलं नाव घातलं आणि पुन्हा बटन दाबलं.

‘नाव भरा,’ पान म्हणालं.

‘‘भरलं की.’’

‘‘सासरचं राहिलं, बाई,’’ रंगनाथ सर बोलून गेले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

एलिझाबेथबाईंनी चष्म्यावरून जयमालाकडं पाहिलं. ‘‘मी लग्नच केलं नाही, मुली. मग माझ्यासारखीनं नोंदवायचंच नाही का?’’

ही चूक दोन्ही ब्राउझरमध्ये सारखीच होती. जयमाला पुढं झाली. ‘‘नाही बाई, तसं नाही. दोन मिनिटं द्या.’’

‘‘चौकटी दोन ठेव म्हणून मीच म्हटलं होतं,’’ बाई पुटपुटल्या. ‘‘मला तरी कुठं सुचलं!’’ आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की समितीही सुटल्यासारखी हसली.

जयमालानं खुर्ची ओढली. सासरची अट काढून टाकली, माहेरची ठेवली. बाईंनी परत बटन दाबलं, आणि नाव गेलं. पहिली नोंद. मग त्यांनी उठून जयमालाला खुर्चीत बसवलं. ‘‘आता तू भर. तू आमच्या शाळेची नाहीस, पण बघू दे मला चालतं का.’’

तिनं भरलं. एकात जयमाला, दुसऱ्यात पुष्पावती. दोन्ही एकाच पानावर तिनं त्याआधी कधी लिहिली नव्हती.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, ‘‘सोमवारपासून तुम्ही वेबसाइटलाच. एका रोपवाटिकेचं काम आलंय. आणि मॅडम, हल्ली नेटस्केपचीही जुनी-नवी दोन आहेत म्हणतात, त्यांचंही एकमेकांशी पटत नाही.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

संध्याकाळी घरी रखमाजी ओसरीवर, गोजरबाई गॅसपुढं. पिशवी खुंटीला अडकवत तिनं सांगितलं, ‘‘आत्याबाई, काम मिळालं. कायमचं.’’

‘‘म्हंजी रोजच जायचं?’’

‘‘व्हय. रोजच.’’

गोजरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग भिंतीला हात लावून उठायला लागल्या, निम्म्यात थांबल्या. जयमालानं पुढं होऊन दंडाला धरलं आणि त्यांना उभं केलं.

‘‘आवं, ऐकलं का,’’ त्या ओसरीकडं तोंड करून म्हणाल्या. ‘‘सून जायाची ती जाऊ द्या. पर मला वटा बांधून द्या आता. गॅस वर ठिवा. उभ्यानं जमंल तेवढं करीन, ह्याच्यापुढं मी बसायची न्हाई.’’

‘‘गवंड्याला सांगतो,’’ बाहेरून रखमाजी म्हणाले.

‘‘सांगतो न्हाई. उद्याच आना.’’

जयमाला सासूच्या जागी खाली बसली. परातीत पीठ होतं, अजून चार-दोन भाकरी व्हायच्या होत्या. तिनं गोळा हातात घेतला. डोळे मिटत होते. सोमवारी सकाळची गाडी होतीच.