थोरलं पाणी

मी वेड्यांच्या दवाखान्यात आया. कुठल्या दवाखान्यात ते इचारू नगा, अजून तिथंच राबती.

सत्त्याहत्तर साली कराडजवळच्या नदीकाठच्या गावातनं साळूबाई आली. तान्हं पोर गेलं आन् बाईनं अन्न सोडलं, एवढंच. नवरा कृष्णात मिलिटरीत. सुट्टीवर आला, तिला आमच्याकडं टाकलं आन् गेला. महिन्याभरात बाई ताळ्यावर आली. वार्डातले तांदूळ निवडायची, वर माझ्या चुका काढायची! कवा घरी जाती असं झालेलं तिला. पण डॉक्टरांनी 'बरी' लिहिल्याबिगर सोडत न्हाईत.

डॉक्टरांकडं छापील प्रश्न. "गावाला नदी कुठली?"

"थोरलं पाणी," साळूबाई म्हणाली.

"नाव सांगा."

पदर तोंडाला लावून गप. डॉक्टरांनी शून्य मांडलं.

भाईर आल्यावर मला म्हणाली, "आवं, नदीच्या नावात त्यांचं नाव हाय. घेतलं तर त्यांचं आयुष्य कमी हुतं."

मी तशीच जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "माझी आईपण नवऱ्याचं नाव घेत नव्हती. पण मावशी, प्रत्येकीची कारणं ऐकत बसलो तर मोजमाप कसं व्हायचं? सगळ्यांना एकच फूटपट्टी."

मग दुसऱ्या डॉक्टरनं इचारलं, मग तिसऱ्यानं. थोरलं पाणी, थोरलं पाणी. तिघांची शून्यं जुळली तसे मोठे डॉक्टर खूश. म्हणाले, "बघा, निदान किती पक्कं!" मेल्यांनो, तिघांनी एकच चूक केली म्हणून ती खरी हुती व्हय?

कृष्णात तो कागद घेऊन कोर्टात गेला. बायको कायमची वेडी ठरली, काडीमोड मिळाला, त्यानं दुसरी केली. मीच साळूबाईला सांगितलं, माझं तोंड जळो. ती रडली न्हाई. "मग आता कुणाचं आयुष्य राखू?" एवढंच म्हणाली.

वर्षानं परत तपासणी लागली. औंधचा भाऊ तिला न्यायला तयार हुता, फकस्त 'बरी' असा कागद पायजे हुता. डॉक्टर नवा.

"नदी कुठली?"

"कृष्णा," ती खणखणीत बोलली. मला वाटलं, सुटलीस गं बाई!

"नवऱ्याचं नाव?"

"कृष्णात." जन्मात पहिल्यांदा घेतलं तिनं.

डॉक्टरांनी फाईल चाळली. कोर्टाच्या कागदावर काडीमोड, म्हंजे नवराच नव्हता. त्यांनी सिस्टरला लिहून घ्यायला सांगितलं, "नवरा असल्याचा भ्रम. मुक्काम वाढवा."