आईच्या ‘हं’ची जागा

त्या गाण्याला ठेका मी लावला. गाणारीने तो मागितला नव्हता, उलट नको म्हणाली होती. पट्टीही मीच चढवली.

गाणारी म्हणजे लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घराची शेजारीण. ऐंशीच्या घरातली आयरिश बाई, निवृत्त नर्स. मी ब्रॅकनेलला ऑफिसात आणि बायको तिच्या शाळेत, म्हणून आईच्या शेवटच्या वर्षात ती रोज दुपारी चहाला येऊन बसायची. आईला इंग्रजी येत नव्हतं. मग शेजारीण गायची. एकच गाणं, तिच्या आईकडून आलेलं. बोटीने परदेशी गेलेल्या मुलीचं. घरून काम करायच्या दिवशी मी ते वरच्या खोलीत ऐकायचो. खालच्या पट्टीतलं, अतिशय संथ, तालाशिवायचं. श्वास संपेल तिथे ओळ संपायची. कोमल निषाद लागला की खमाजाचा भास व्हायचा, पण खमाजाचा लाडिकपणा त्यात नव्हता. ओळ संपली की ती थांबायची. त्या थांबण्यात आई म्हणायची, “हं.” मग पुढची ओळ.

आईच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी आम्ही एक हॉल घेऊन भजनं ठेवली. तबला माझ्याकडे होता. शेजारीण म्हणाली, “तिच्यासाठी मी ते गाणं म्हणू?” मी हो म्हटलं. पण माझा तबला काळी एकला लावलेला, आणि तिचा आवाज खालच्या काळी चारचा. त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबला हवा. तो लॉफ्टमध्ये होता. शिडी लावायचा मी कंटाळा केला.

पेटीवरचा सूर ऐकून ती कुजबुजली, “हे मला फार उंच आहे रे. आणि ड्रम कशाला?”

“दोनच तर कडवी आहेत,” मी म्हणालो.

लोकांना भुका लागल्या होत्या. इतकं संथ गाणं ते ऐकून घेतील असं मला वाटलं नाही, हे खरं कारण. मी केहरवा धरला. लोक टाळ्यांनी साथ देऊ लागले, तशी मी लय वाढवली. ओळ संपवून ती थांबायला बघायची आणि माझा तबला तिला पुढे ढकलायचा. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. ओळ अर्धी सोडून तिने हसून मान लववली आणि ती खाली बसली. टाळ्या पडल्या. ती जेवायला थांबली नाही.

गाडीत लेक म्हणाली, “बाबा, तू तिचा गाणं इतका फास्ट का केला? आजी तर मध्येमध्ये हं म्हणायची.”

“लोकांना आवडलं,” मी म्हणालो.

“हो ना. तुमचा तबला छानच झाला, अहो,” बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढे पाच महिने मी शेजारणीशी कुंपणापाशी हवेबद्दल बोललो. कचऱ्याचा बिन बाहेर काढताना भेटलो तरी हवेबद्दलच. आमची बेल तिने पुन्हा वाजवली नाही. मग एका संध्याकाळी बायको तिच्याकडून आली आणि कोट न काढताच म्हणाली, “ती ते गाणं आता म्हणत नाही. म्हणायला घेतलं की तबलाच ऐकू येतो म्हणे.”

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या गाण्यात ती उरली होती, तेवढीही मी घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, चहाच्या वेळी मी शेजारणीची बेल वाजवली. तिने दार उघडून आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

“आज ड्रम नाही?”

“नाही.”

तिने केटल लावली. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, “तुम्ही नको म्हणालात, तरी मी वाजवलं. शिडी चढायला नको म्हणून तुमचा आवाज वर ओढला. माझी आई जिथे हं म्हणायची, ती प्रत्येक जागा मी तबल्याने भरून टाकली. माझं चुकलं. मला माफ करा.”