पेट्रोलच्या नळीचे सांधे

अरे खटपट्या,

गल्लीनं ठेवलेलं हे नाव तुला आवडायचं, म्हणून तेच लिहिते. जन्मभर लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केलेस आणि साठी उलटल्यावर घरामागच्या शेडमध्ये चक्क विमान बांधायला घेतलंस. दोन माणसांचं. मी म्हटलं, ‘‘म्हातारचळ लागलाय तुला.’’ तू म्हणालास, ‘‘मागची सीट तुझीच आहे, ताई. तेवढं जिभेचं वजन कमी कर.’’

मग आजार आला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, वर्ष निघालं तर नशीब. औषधांनी बोटांचे शेंडे बधिर झाले. तुझ्या शर्टाची बटणं बायको लावायची, पण पाना काही तू सोडला नाहीस. एकदा तरी उडायचं, बाकी डोक्यात काही नव्हतं.

एक दिवस विमानाच्या टाकीत पेट्रोल ओतलं आणि एका सांध्यातून थेंब आला. हात पंपवाल्याचा, गळतंय म्हटलं की अजून आवळायचं. आवळलास. थेंबाची धार झाली. नळी काढून पाहिली, तर कर्ण्यासारखं पसरवलेलं तिचं टोक उभं चिरलं होतं.

तू स्टुलावर बसलास. ‘‘नट कधी टेकला, टोक कधी चिरलं, हाताला कळलंच नाही गं.’’

‘‘एकच तर आहे. बदलू.’’

‘‘बाकीचे पण याच हातांनी आवळलेत, ताई.’’

टाकी रिकामी करून सगळे सांधे सोडले. मग तू सांगायचं आणि मी करायचं. नट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवा; अडला तर नळी वाकडी बसलीय, नटानं ओढून सरळ करायची नाही. एका पान्यानं सांधा धरून ठेवायचा, नाहीतर नळीला पीळ पडतो. दुसरा पाना ठरलेल्या जोराला ‘टक’ वाजतो. वाजला की थांबायचं.

‘‘अजून थोडं?’’

‘‘टक म्हणजे टक. उत्तर आल्यावर पुढे लिहीत बसायचं, हे कॉलेजात शिकलीस का?’’

मी वैतागायची. तू हसायचास, मग खोकायचास. झालेल्या नटावर लाल रेघ मात्र तूच ओढायचास, नागमोडी.

चिरलेल्या नळीची जागा तेवढी राहिली. नवी नळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मिळते. ‘‘मी आणते,’’ म्हटलं, तर तू म्हणालास, ‘‘एकटी जाऊ नकोस. तो दुकानदार न्हाणीघरातल्या बंबाची नळी तुझ्या गळ्यात मारेल. सोमवारी बरं वाटेल मला, दोघं जाऊ.’’

सोमवारी जुनी नळी मापासाठी पिशवीत घालून मी तुझ्या दारात आले. तुझी बायको बाहेर आली. म्हणाली, ‘‘वन्सं, हे उठत नाहीयेत.’’

पिशवी माझ्या दारामागच्या खुंटीला आहे, आत नळी तशीच. दुकानात कोणी गेलं नाही.