मामांच्या ट्रकचं अभ्यंग

हिच्या मामांइतकी यंत्राची मर्जी सांभाळणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. नेपरव्हिलच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत स्वतःच्या चहाआधी ट्रकचं इंजिन गरम करून येणारा, आणि आत आल्यावर “आज त्याचा घसा बसलाय” असं गंभीर चेहऱ्याने सांगणारा सत्तरीतला माणूस कोणी पाहिला असेल तर मला जरूर कळवावं. मी भाचीचा नवरा, म्हणून मामा मला जावईबापू म्हणत आणि अहोजाहो करत. ट्रकखाली उताणे पडलेले असले तरी त्यात फरक नाही. “जावईबापू, तेवढा चौदाचा पाना देता का?” असा अदबशीर आवाज चाकांमधून यायचा आणि मी हातातला लॅपटॉप ठेवून निमूटपणे पाना शोधायला लागायचो.

मामांची सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली. मामी गेल्या, आणि वर्षभराने एका शनिवारी मामा म्हणाले, “चला, एक पिकअप ट्रक बघून येऊ.” दोन तास मक्याची शेतं बघत आम्ही एका रिटायर झालेल्या प्लंबरच्या दारात पोचलो. ट्रक दोन लाख अठरा हजार मैल चाललेला होता. मी आकडा वाचून मागे सरकलो, मामा पुढे झाले. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, तेल बोटांवर चोळलं, हुंगलं. मग इंजिन चालू करायला सांगून एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. प्लंबरने मला हळूच विचारलं, “इज ही अ डॉक्टर?” समजावून सांगायला फार वेळ लागला असता, म्हणून मी हो म्हटलं. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “मन लावून वापरलाय यांनी.” प्लंबरला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी त्याने मामांचा हात दोन्ही हातांत घेतला.

मामांचा एकुलता एक मुलगा पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ट्रक घेतल्याचं कळल्यावर तो फोनवर वैतागला. “बाबा, आता एकटं राहणं बस झालं यार. घर विकून टाका आणि इकडे या.” मामांनी शांतपणे उत्तर दिलं, “हा ट्रक रस्त्यावर चालतोय तोवर मी इथे. ज्या दिवशी चालायचा नाही, त्या दिवशी तू तिकीट काढ. शब्द देतो.” मुलाने आनंदाने मान्य केलं. दोन लाख अठरा हजार मैलांनंतर ट्रक चालून चालून किती चालणार? फार तर एक हिवाळा. ट्रक सहा हिवाळे चालला. दर महिन्याला मला फोन यायचा, “भावजी, खरं सांगा, ट्रक अजून चालतोय?” आमचं घर मामांच्या शेजारीच. मी खिडकीतून बघायचो, तर मामा कोणाचा तरी सोफा दोरीने बांधत उभे असायचे.

कारण गावातल्या तमाम मराठी मंडळींचं सामान त्या ट्रकमधूनच हलायचं. पुण्याहून नवीन आलेल्या पोरांच्या गाद्या, कोणाचा फ्रीज, बागेसाठी माती, एकदा तर सागवानी देवघर, तेही चादरीत गुंडाळून. ट्रक मिळायचा, पण मामांसकट. दार जोरात लावलं की ते कळवळायचे, “अहो, फ्रिजचं लावतो तसं लावा.” हायवेवर अगदी उजव्या, म्हणजे इथल्या सगळ्यात संथ लेनमधून सगळ्या जगाला पुढे जाऊ देत ते चालवत. माझ्या मुलीने एकदा विचारलं, “आजोबा, डज इट हॅव ब्लूटूथ?” मामा म्हणाले, “त्याला स्वतःलाच इतकं बोलायचं असतं बाळा, दुसऱ्याचं कुठे ऐकवतेस त्याला!”

पण खरी हौस दिवाळीला. इथे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांची पोटं खातं. म्हणून थंडीच्या तोंडावर गाडीच्या खालच्या बाजूला तेल चोपडतात. मामांनी त्याला मुहूर्त काढला नरकचतुर्दशीचा. पहिल्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल घेतलं. आपल्याला चालतं ते त्याला का चालू नये, हा त्यांचा सवाल. दुपारी सायलेन्सर तापला आणि सबंध गल्लीत चकल्या तळल्यासारखा वास सुटला. समोरची बाई काय केलंय ते विचारायला आली, आणि आठवडाभर खारी ट्रकखालून हलायला तयार नव्हत्या. पुढच्या वर्षापासून रीतसर दुकानातलं तेल आलं, तरी वासाच्या तेलाचे दोन थेंब त्यात मामा हळूच टाकायचेच.

गेल्या दिवाळीतही मी टॉर्च घेऊन त्यांच्याबरोबर ट्रकखाली शिरलो. बाहेर चांगलं उजाडलं होतं. मामांना मोतीबिंदूमुळे ट्रकखालच्या अंधारात नीट दिसत नव्हतं, ते बोटांनी चाचपत तेल लावत होते. तेवढ्यात माझ्या टॉर्चच्या उजेडात मागच्या चाकाजवळ चासीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यालाच, पडलेलं भोक दिसलं. गंजून लोखंडाचा पापुद्रा झाला होता. वर जाड तेलाचा एक हात फिरवला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, माझा हात तेलाच्या डब्यापर्यंत गेलाही. त्यांना इथून जाऊ द्यायचं नव्हतं मला. पण त्या ट्रकमध्ये ते बसत होते, माझी मुलगी बसत होती. मी म्हटलं, “मामा, इथे बघा.”

ते सरकत आले. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढून फडक्याला पुसला. मग म्हणाले, “पूल असता तर मी आजच रस्ता बंद केला असता.” आणि उरलेल्या अर्ध्या भागाला तेल लावायला लागले.

“मामा, आता कशाला?”

“आंघोळ अर्धवट ठेवून कोणाला उठवतात का, जावईबापू?”

सगळं झाल्यावर आम्ही बाहेर आलो. त्यांचे हात माखलेले होते, म्हणून मी मुलाचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. तिकडे अजून पहाटच होती, झोपाळलेला आवाज आला, “बाबा, काय झालं? ट्रक बंद पडला?”

“नाही रे, छान चालतोय,” मामा म्हणाले. “मीच थांबवला. तिकीट काढ.”

फोन ठेवल्यावर ते तेलकट हात अंगापासून लांब धरून ड्राइव्हवेवर उभे राहिले. मी पुढे होऊन त्यांना सरळ मिठी मारली.

“तेल लागेल हो तुम्हाला,” ते म्हणाले, पण बाजूला झाले नाहीत.