मावशीने काढलेली खोट

सगुणामावशीने मी सांगितलेल्या भावाला किंवा माझ्या बोलण्याला पहिल्या फटक्यात कधीही बरं म्हटलं नाही. अड्याळच्या बाजारात ती टोपलीत मासे घेऊन बसायची. मी घाऊक घेणारा. मी समोर उभा राहिलो की ती टोपलीवर ओलं पोतं टाकायची. "आधी तोंड धुऊन ये शेटजी, मंग माह्या मासोळ्याईले भाव सांग."

आम्ही दोघे एकाच गावचे. ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. मी एका सायकलवर धंदा सुरू केला आणि स्वतःचा टेम्पो घेतला, कुणाच्या उपकाराशिवाय. त्याच हिमतीवर मी गावाचं पुस्तक लिहायला बसलो. पहिली चाळीस पानं शहरातल्या एका प्राध्यापकांना वाचायला दिली. जाळ्याच्या दोऱ्याने गठ्ठा बांधून वर आमच्या मासेमार ढिवरांची गाठ मारली होती. दोन महिन्यांनी गठ्ठा परत आला. "छान आहे, लिहीत राहा," ते म्हणाले. गाठ जशीच्या तशी होती. त्यांनी ती सोडली असती, तर पुन्हा तशी मारणं त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं.

तो राग अजून उतरलेला नाही, आणि मला तो उतरवायचाही नाही.

तसाच तणतणत मी पुनर्वसनाच्या वस्तीत मावशीच्या ओट्यावर गेलो. तिला अक्षरओळख नव्हती. "वाच मंग, मले कान आहेत," ती म्हणाली आणि झिंगे निवडत बसली. मी घाटाचं प्रकरण वाचलं. ती म्हणाली, "हव, बरं हाय." दुसरं वाचलं. "हव, बरं हाय."

मी पानं मिटली. बाजारात आयुष्य काढलेल्याला हे कळतं. लांबूनच 'मासा चांगला आहे' म्हणणारं गिऱ्हाईक घेत नाही. ज्याला घ्यायचा असतो तो कल्ले उघडतो, पोट दाबतो आणि नाक मुरडून म्हणतो, "कालचा दिसते." मावशी माझ्या पानांचे कल्लेच उघडत नव्हती. म्हणजे माल शिळा होता. मी दोन्ही प्रकरणं फाडली.

पुढचं लिहिलं ते गाव सोडण्याच्या दिवसाचं. लोकांनी दारांच्या पिवळ्या चौकटी उपटून ट्रॅक्टरवर टाकल्या, असं वाचलं आणि मावशीचा झिंग्यातला हात थांबला.

"थांब, लबाडा! माह्या घरच्या चौकटी बैलगाडीवर गेल्या. आन् पिवळ्या नव्हत्या, निळ्या होत्या."

"पिवळ्या होत्या मावशी."

"तुहं घर त्या टोकाले. तुले तिथून माहा दरवाजा दिसे काय?"

तासभर आम्ही घासाघीस केली. बैलगाडी मी मान्य केली, रंग मात्र धरून ठेवला. तिनेही सोडला नाही. शेवटी मीच हरलो. घरी येऊन समासात लिहिलं, 'मावशीने काढलेल्या खोटी दोन'. इतका आनंद मला पहिल्या टेम्पोनेही दिला नव्हता.

मग मी खोटी मोजूनच पुढे सरकू लागलो. एकही न निघालेलं प्रकरण परत लिहायचं. एका प्रकरणात सात निघाल्या. विहिरीपासून देवळाचं अंतर मी चुकवलंय म्हणून मावशी वस्तीच्या सिमेंट रस्त्यावर पावलं टाकत निघाली आणि शेजाऱ्याच्या बाजेवर आदळली. "आता मी देवळात आली," ती तिथूनच ओरडली.

सगळ्यात मोठी खोट तिने शेवटी काढली. "सोताले लय चांगला लिवला गा तू. मी चौकटी काढत होती तेव्हा तू कोठी होता?"

मी गठ्ठा उचलून निघून आलो. पंधरा दिवस तिच्याकडे फिरकलो नाही. गाव रडत होतं त्या दिवशी मी तुमसरच्या बाजारात मासे उतरवत होतो. सोळाव्या दिवशी ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने ना खोट काढली, ना बरं म्हटलं. दोन झिंगे उगाच हातात धरून बसली. मग म्हणाली, "पुढचं वाच."

पुढचं लिहून झालं नव्हतं. ते व्हायच्या आत मावशी गेली, चार दिवसांच्या तापात.

शेवटचं प्रकरण मी तिच्यावरच लिहिलं. तेरवी झाल्यावर त्याच ओट्यावर जाऊन तिच्या सुनेला, कांताला, वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती. भिंतीला टेकून, पदर सावरत ऐकत होती. अर्ध्यावर आलो तेव्हा मला धास्ती वाटू लागली, की आता ही 'छान आहे' म्हणणार.

"भाऊजी," ती एकदम म्हणाली, "हे खोटं हाय. आत्याबाई अशा नव्हत्या."

मी पेनाचं टोपण काढलं.

"कशा होत्या मग? सांग. आणि मी भांडलो तर ऐकून घेऊ नको."