झेंडू आणि उलटी उकुलेले
झेंडूचा वास आला की दसऱ्याआधी वर्ध्याच्या वाद्यांच्या दुकानात मी उकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, उलटी धरली होती, ते आठवतं. चूक माझीच, पण म्हणून दुकानदारानं "काका, नातवाले पायजे काय?" म्हणत निळं खेळणं पुढं करावं? माझी पोरगी तेव्हा बारावीत होती! संतापून मी भिंतीवरची, काळ्या गाठीच्या लाकडाची उकुलेले उतरवायला लावली. एकच तार छेडली, तर असा घोगरा, मायेचा आवाज निघाला की तीच घेतली. दसऱ्याला बायकोनं तिला कुंकू लावून विळा-कात्रीशेजारी पूजेत मांडलं. निदान घरात तरी ती खेळणं नाही, म्हणून मी सुखावलो. कुंकवाचा डाग अजून आहे, अन् बायकोचं बोलणंही: "आज शस्त्रपूजा असते. तुमच्या वाजवण्याले अख्खी गल्ली भेते, म्हणून मांडली."