नवव्या सिंफनीची चौथी बाजू

“वाजंत्र्यांनी वाजवावं. आम्हाला शिकवू नये.”

साहेब हसत म्हणाले. जमलेले सगळे हसले. दाराजवळच्या स्टुलावरून उठून उभे राहिलेले माझे बाबाही हसले. ते हसले, हे मला अजून सहन होत नाही.

साहेबांचा सरकारी बंगला अलीपूरला होता. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कलकत्त्यातले पाच-सहा मराठी अधिकारी तिथे सिंफनी ऐकायला जमत. बाबा बराकपूरच्या लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. निवृत्ती तीन महिन्यांवर आलेली. साहेब एका शाळेच्या समितीवर होते आणि त्या शाळेला संगीतशिक्षक हवा होता. म्हणून आम्ही गेलो होतो. मी पंधरा वर्षांची. इंग्रजीतला अर्ज मीच लिहिला होता.

गावाकडे आमची माणसं पिढ्यानपिढ्या लग्नात वाजवत आली. मांडवाबाहेर बसून. आतल्या सगळ्या पंगती उठल्यावर आमच्यापुढे पान यायचं. बाबा त्यातून पळाले ते फौजेत. तिथे एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी त्यांना विलायती स्वरलिपी शिकवली. बीथोवनच्या नवव्या सिंफनीतला क्लॅरिनेटचा सगळा भाग बाबांनी वहीत हाताने उतरवून घेतला होता. बँडला तो कधीच वाजवायचा नव्हता. तरी.

त्या दिवशी नववीच लागली. दोन रेकॉर्डचा संच. असे काही संच रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी केलेले असत. त्यात पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर दुसरी बाजू नसे, चौथी असे. साहेबांचं यंत्र साधं. त्यांनी पहिली बाजू संपल्यावर रेकॉर्ड उलटली. मधले दोन भाग राहूनच गेले आणि एकदम शेवट सुरू झाला. रेकॉर्डवर माणसं गायला लागली. सगळे डोळे मिटून मान डोलावत होते. बहुधा दरवेळी असंच ऐकत असतील.

बाबा चुळबुळले. उठले. अगदी हळू म्हणाले, “साहेब, गाणं शेवटी येतं. ही चौथी बाजू लागलीय. आकडा बघावा.”

“घ्या! आता हे बीथोवनलाही सुधारणार,” एक जण म्हणाले.

“बहिरा होता म्हणून सुटला बिचारा,” दुसरे.

साहेबांनी रेकॉर्ड थांबवली. वाकून आकडा पाहिला. त्यांना तो दिसला. दिसलेला मी पाहिला. मग त्यांनी ते वाजंत्र्यांचं वाक्य म्हटलं.

आणि बाबा म्हणाले, “चुकलं, साहेब.”

चुकलं नव्हतं.

“असू दे, असू दे. आलाच आहेस तर तुमच्यातलं काहीतरी वाजव. वरातीतलं. व्हरांड्यात बस, आत आवाज फार होतो.”

बाबा व्हरांड्यात गेले. पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडायला लागले. मी मागोमाग गेले. त्यांच्या हातातले तुकडे काढून घेतले, पेटीत ठेवले, झाकण लावलं.

“बाबा इथे वाजवणार नाहीत.”

“अगंबाई, मराठी छान बोलते हो ही, कलकत्त्यात वाढून,” साहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

आम्ही निघालो. सियालदहहून बराकपूरच्या गाडीत बसलो. मग बाबा म्हणाले, “पाच मिनिटं वाजवलं असतं. काय गेलं असतं आपलं?”

मी पेटी मांडीवर ओढून घेतली.

नोकरी मिळाली नाही. सात वर्षं ते खिदिरपूरला एका गोदामावर पहारेकरी होते. माझ्या अभ्यासाची चौकशी करत, माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढत. बँडमधले ते तीन महिने संपल्यावर क्लॅरिनेट मात्र परत हातात धरलं नाही. ते साहेबांमुळे, की माझ्यामुळे? हे विचारायचं धैर्य मला कधीच झालं नाही. गेल्या महिन्यात बाबा गेले. आता कुणाला विचारू?

रडून झालं की मी हिशेबाने विचार करते. त्यांची रोजीरोटी मी त्या पेटीच्या झाकणाखाली बंद केली, हे खरं आहे. ते मी कुणावर ढकलणार नाही. तरीही आज तोच व्हरांडा समोर आला, तर मी तेच करीन.

साहेब पुण्यात असतात, ठणठणीत आहेत. बाबांनी त्यांच्याकडे मागितलेली माफी मी परत घेते आहे. हे छापून आलं की अंक त्यांना पाठवणार. सोबत चिठ्ठी. त्यात माझं नाव, आडनाव आणि जात, तिन्ही माझ्या हाताने लिहिलेली असतील.